उलट्या पिशवीचं दुखणं

मी आज ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. पाच महिने मी आजारी होते. त्यातले साडेतीन महिने दुखणं अंगावर काढलं आणि उरलेले जव्हारच्या दवाखान्यात. गंमत अशी, की ज्या आजारासाठी औषधपाणी सुरू झालं तो मला कधी नव्हताच. जे झालं ते औषधपाण्याने झालं.

असलं काही बायका लिहीत नाहीत. माझे वडील जव्हार संस्थानात, दरबारच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी मला अक्षरं शिकवली ती सासरहून खुशालीची चार अक्षरं धाडता यावीत म्हणून. हे वाचून त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. पण माझ्यासारखीच कोणी घाबरून बसली असेल, तर तिला कोणीतरी सांगायला हवं. आणि लाजून कोणाचं पोट बरं झाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

बुधीचा हात

माझं सासर मोखाड्याचं. नवरा जंगल नाक्यावर कारकून. सागाची गाडी आली की पास बघायचा, शिक्का मारायचा, गाडी सोडायची. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मी सव्वीस वर्षांची, आणि घरात पाळणा हलला नव्हता. सासूला मी आत्याबाई म्हणते. त्या जिभेने तिखट आणि हाताने मायाळू. त्यांनी आठ वर्षं वाट पाहिली, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. दुसऱ्याच वर्षी सवतीचा विषय काढणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत.

माघात त्यांनी बुधीला बोलावलं. बुधी ही आमच्या भागातली वारली सुईण. आजूबाजूच्या पाड्यांवरची अर्धीअधिक माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिने शब्द दिला की पूर्वदिशा. मला माजघरात घोंगडीवर निजवलं, दार लोटलं, आणि तिने तपासलं. मग हात धुता धुता आत्याबाईंना म्हणाली, “बाय, हिची पिसवी उलटी हाय. तोंड फुडं नि आंग मांगं. बी पडला तरी कसा टिकंल?”

मला कोणी काही सांगितलं नाही. मी तिथेच घोंगडीवर होते, पण जणू माझ्याशी त्याचा संबंध नव्हता.

आपल्या पोटात गर्भाची पिशवी आहे हे मला ठाऊक होतं. तिला पुढचं-मागचं असतं हे ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मात्र मला ती जाणवायला लागली. चालताना कमरेत काहीतरी ओढल्यासारखं वाटे. हंडा उचलताना वाटे, आता आणखी मागे गेली. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, माझ्या तर ते दिवसाढवळ्या कमरेत दुखायला लागलं. काल संध्याकाळपर्यंत डोक्यावर मोळी आणणारी मी, आज जपून जपून पावलं टाकत होते.

कडी

नवरा मला वैशाखाच्या शेवटी शहरातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. खोडाळ्यावरून बैलगाडीने कसाऱ्याला, तिथून आगगाडीने. डॉक्टर मोठे, नावाजलेले. त्यांच्या दारात बायकांची रीघ लागलेली. मला तपासायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात आमच्याकडे चूलसुद्धा पेटत नाही. हात पुसत ते नवऱ्याला म्हणाले, “पिशवी मागे पडली आहे. कडी बसवू, म्हणजे सरळ राहील.”

डोंगरातली सुईण आणि शहरातला डॉक्टर, दोघांचं एकमत. मग शंका घेणारी मी कोण? त्यांनी काळ्या कडक रबराची कडी आत बसवली आणि सांगितलं, दोन महिन्यांनी या, काढून धुऊन परत बसवू. नवऱ्याने मान डोलावली. मीही डोलावली. दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, की वैशाखानंतर दोन महिन्यांनी आषाढ संपतो, आणि आषाढ-श्रावणात मोखाड्याहून गाडी निघत नाही. ओहोळ भरतात, घाटात दरड येते, आम्ही चार महिन्यांचं मीठ भरून घरात बसतो. डॉक्टरांनी महिने मोजले, आमचे ओहोळ त्यांना कुठले ठाऊक! पण आम्हाला ठाऊक होते. तरी शहरातल्या डॉक्टरांपुढे ‘तेव्हा येता येणार नाही’ म्हणायचं धाडस आम्हाला झालं नाही. आम्ही डोंगरातली माणसं मोठ्या माणसाला नाही म्हणत नाही. हो म्हणतो आणि घरी येतो.

पहिला महिना बरा गेला. मग अंगावरून जायला लागलं. आधी पांढरं, मग पिवळट, मग त्याला वास यायला लागला. भाताच्या लावणीत वाकलं की आत काहीतरी बोचायचं. मी कोणाला सांगितलं नाही. दिवसातून तीनदा अंघोळ करायची, लुगड्याची घडी बदलायची, चुलीपाशी बसायची म्हणजे धुराच्या वासात माझा वास लपेल. नवऱ्याने आपलं अंथरूण ओसरीवर नेलं. उकडतंय म्हणाला. श्रावणात मोखाड्याला उकडतं, हे मला तेव्हाच कळलं.

त्याच महिन्यात आत्याबाईंनी पाटाचा विषय काढला. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न लागतं, त्याला पाट म्हणतात. पोशेऱ्यात ठकू नावाची एक बाई होती, नवरा तापाने गेलेला, पदरात तीन वर्षांची मुलगी. “पोर झालेली बाय,” आत्याबाई नवऱ्याला सांगत होत्या, “तिची पिसवी सरळ असल्याबिगर का पोर झाली?” मी पलीकडे नागली पाखडत होते. हळू बोलण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

मला राग आला नाही. लाज वाटली. आपणच नासकं भांडं, मग घरात नवं भांडं येणारच, असं वाटलं. त्या लाजेचा मला आज जितका राग येतो, तितका आत्याबाईंचाही येत नाही.

डोली

भाद्रपदात ताप भरला तो उतरेना. थंडी वाजून दात वाजायचे. एके सकाळी मी उठून उभी राहिले आणि उंबऱ्यावर पडले. तेव्हा आत्याबाईंनी माझं लुगडं पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. “अगं पोरी, बोललीस का नाय?” म्हणून त्या रडल्या. त्या खऱ्याच रडल्या. माणूस एकाच वेळी तुम्हाला सवत शोधतं आणि तुमच्यासाठी रडतं, हे मी तेव्हापासून मानते.

नवऱ्याला नाक्यावरून निघता येईना, म्हणून डोली केली. पाड्यावरचे चार गडी खांद्याला, आणि सोबतीला बाई हवी म्हणून बुधी. कंबरभर पाण्यातून डोली नेताना ती एका हाताने माझी चादर धरून चालत होती. वाटेत एकदाच बोलली. “कडी मी नाय सांगितली हां, बाय.” मी म्हटलं, “उलटी आहे ते तू सांगितलंस.” तिने चादर माझ्या अंगावर नीट ओढली आणि पुढे चालू लागली.

जांभळं पाणी

त्या वर्षी दरबारच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या, चटचट चालणाऱ्या. माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “मी तुम्हाला तपासू का?”

मला कोणी ‘तुम्ही’ म्हटलेलं ती पहिली वेळ, आणि ‘का’ विचारलेलंही. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. त्या थांबल्या. मी हो म्हणेपर्यंत खरंच थांबल्या.

कडी काढली तेव्हा मी ओरडले. त्यांनी ती बशीत ठेवून मला दाखवली. तिचं वर्णन करत नाही. कडेने आत जखमा झाल्या होत्या आणि त्या पिकल्या होत्या, एवढं पुरे. त्यानंतरचे दिवस सगळे एकसारखे. सकाळी जांभळ्या पाण्याने धुणं, मग भाताची पेज, मग ताप बघणं, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा जांभळं पाणी. पहिले आठ दिवस वाटायचं, मी इथेच संपणार. जखमेपेक्षा भीतीच जास्त दुखायची. धुणं सुरू झालं की मी खिडकीबाहेरच्या आंब्याच्या फांद्या मोजायची. चुकले की पहिल्यापासून.

नवव्या दिवशी जाग आली आणि अंगाला वास येईना. मी चादर नाकाला लावून पाहिली. नुसत्या सोड्याचा वास. त्या दिवशी मी दोन वाट्या पेज मागून घेतली. ज्यांना कधी स्वतःचाच वास लपवावा लागला नाही त्यांना यातलं सुख कळायचं नाही.

“आधी काय होत होतं?”

ताप उतरल्यावर डॉक्टरीणबाई एका दुपारी माझ्या खाटेवर बसल्या.

“कडी बसवण्याआधी तुम्हाला काय होत होतं?”

“पिशवी उलटी होती.”

“ते झालं लोकांचं म्हणणं. तुम्हाला काय होत होतं? दुखत होतं? पाळी वेळेवर नव्हती? अंगावरून फार जायचं? ताप?”

मी आठवून पाहिलं. बुधीने हात लावायच्या आधी माझं काय दुखत होतं? पाळी चांद्रमासासारखी यायची. मोळी आणत होते, भात कांडत होते.

“काहीच नाही,” मी म्हटलं.

“मग तुम्ही आजारी नव्हता.”

मी म्हटलं, “पण पिशवी?”

“आहे ना मागे झुकलेली. मीही पाहिली. पुष्कळ बायकांची पुढे झुकलेली असते, पुष्कळ जणींची मागे, काहींची उभी. कोणाची जराशी एका अंगाला. पिशवीचं तोंडसुद्धा सगळ्यांचं एकसारखं नसतं, मूल झालेलीचं वेगळं, न झालेलीचं वेगळं. थोडं पांढरं जाणंही महिन्याच्या दिवसांप्रमाणे कमीजास्त होतं. नाकं नाही का वेगवेगळी असत? कोणाचं बसकं, कोणाचं चाफेकळी. श्वास सगळ्यांचाच चालतो.”

मी आधी हसले आणि मग रडायला लागले. आठ वर्षांचं नव्हे, त्या साडेतीन महिन्यांचं रडू आलं. बसक्या नाकावर कोणी कडी बसवत नाही, मग माझ्यावर का?

दाराशी बुधी बसली होती. ती आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि पाणी उतरत नाही म्हणून राहिली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. मला वाटलं, आता हिची खरडपट्टी. पण त्यांनी विचारलं, “आजी, आजवर किती बायांना हात लावलास?”

“मोजतंय कोण? डोंगर भरंल इतक्या.”

“त्यातल्या कळा येत नसताना किती?”

बुधी बोटं मोजायला लागली. चेहऱ्यावर हिशोब चाललेला दिसत होता. शेवटी हळूच म्हणाली, “एक बी नाय. कळा नसताना माना कोण बोलवंल? पोर खाली आलेला असतो, समदा आंग ताणलेला असतो. ही बाय पयलीच, मोकळी.”

“म्हणजे मोकळ्या बाईचं कसं असतं ते तुला ठाऊक नव्हतं.”

“नाय,” बुधी म्हणाली. साठ वर्षांच्या सुईणीने सगळ्यांपुढे ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं.

“शहरातल्या डॉक्टरांचंही तेच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यांच्याकडे दुखणाऱ्या बायकाच जातात. जिचं काही दुखत नाही तिला कोण तपासतं? आम्ही शिकत होतो तेव्हा आम्ही मुलींनी एकमेकींना तपासलं. तेव्हा कळलं, चांगल्या बाईचं आतलं अंग किती तऱ्हांचं असतं.”

पुढच्या दिवसांत दवाखान्यातल्या ज्या बायका आपणहून हो म्हणाल्या त्यांना बुधीने डॉक्टरीणबाईंच्या समोर, साबणाने हात धुऊन तपासलं. मलाही. संध्याकाळी ती माझ्या पायथ्याशी येऊन बसायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, “दोघीजणी तुझ्यावानी. एकीला तं पाच पोरां.” एवढंच. माझी माफी तिने मागितली नाही. मला एकच धास्ती होती: हे ती मोखाड्यात जाऊन बोलेल का? तिचा शब्द खोटा ठरला तर तिच्या हातावर कोण विश्वास ठेवणार? आणि ती गप्प राहिली तर माझं काय?

काकड्या

नवरा एकदा आला. झोळीत डोंगरच्या काकड्या आणि चेहऱ्यावर चोराचा भाव. काकडी कापून, मीठ लावून त्याने मला भरवली, तेव्हा मला तो पुन्हा आवडला, हे खोटं कशाला बोलू. डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळं समजावलं आणि शेवटी सहज विचारलं, “तुम्ही स्वतःला दाखवलंत का कोणाला?”

तो तिथून उठला. बाहेर आल्यावर मला म्हणतो, “माना काय झालाय?”

“मलाही काही झालं नव्हतं,” मी म्हटलं. “तरी मी साडेतीन महिने कडी घालून भात लावला.”

त्याने रिकामी झोळी झटकली. पण पाटाचं काय, हे त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

ठकू

कार्तिकात मी घरी आले आणि चौथ्या दिवशी ठकू आली. तिचा भाऊ ओसरीवर नवऱ्यापाशी बसला, ती माजघरात. उंच, सावळी, डोळ्याला डोळा देऊन बघणारी. तिची मुलगी उंबऱ्यात बसून नागलीची भाकर कुरतडत होती. आत्याबाईंनी बुधीलाही बोलावलं होतं. एकदा फसलो, आता आधी बघून घेऊ, हा त्यांचा हिशोब. मी चुलीपुढे होते. मला उठून जा म्हणायचं त्यांना सुचलं नाही, आणि मी उठणार नव्हते.

“हिचा बघ,” आत्याबाई म्हणाल्या.

बुधी आधी मोरीवर गेली आणि साबणाने हात धुतले. तो साबण तिने जव्हारहून आणला होता. मग ठकूसमोर बसली. “बाय, मी बघू? तुना चालंल?”

ठकूने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बघ,” म्हणाली. “माना काय लपवायचाय?”

मी चुलीकडे तोंड फिरवलं. लाकूड सरकवलं. बुधीला जास्त वेळ लागला नाही.

“उलटी,” ती म्हणाली.

“काय?” आत्याबाई.

“उलटी हाय. तोंड फुडं, आंग मांगं. तुझ्या सुनंची हाय तशीच.” मग बुधीने उंबऱ्याकडे बोट केलं. “आन ती पोर का आभाळातून पडली? बाय, मी चुकलू. मोकळी बाय मी कधी बघितलीच नवती. उलटी, सुलटी, समद्या चांगल्याच असतात. माझ्या शब्दापायी ही पोर मराया टेकली व्हती. आता पुन्ना कोणाचा असा बघाया माना बोलवू नको.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला! ती पोर भाकरीचा तुकडा हातात धरून सगळ्यांकडे टकमक बघत होती.

ठकू लुगडं सावरत उभी राहिली. “आजी खरी बोलली,” ती म्हणाली. “पण माना या घरी नाय यायचा. जिथं बायच्या पोटात हात घालून मंग पाट ठरतो, तिथं उद्या माना पोरगा नाय झाला तं काय कराल?” तिने मुलीला कडेवर घेतलं. जाताना माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, “बाय, पाणी दे.” मी तांब्या दिला. ती सगळा प्यायली, आणि गेली.

त्या दिवशी जेवताना नवऱ्याने भात चिवडत चिवडत आईला सांगितलं, “आता पाटाचा नाव नको.” उशिरा का होईना, बोलला. त्याचं अंथरूण दोन दिवसांनी ओसरीवरून आत आलं. उकडणं थांबलं म्हणे.

आता

मला मूल झालं नाही.

हे मी मुद्दाम एकट्या ओळीत लिहिते आहे, कारण तुम्ही त्याचीच वाट बघत असणार. झालं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बघा, शेवटी निरोगी ठरली. मी निरोगी होते, ती मूल व्हायच्या किंवा न व्हायच्या आधीपासून. मूल का झालं नाही हे मला माहीत नाही. नवरा कोणाला दाखवायला गेला नाही, आणि मी त्याच्यामागे लागणं सोडून दिलं. आत्याबाई अजून तिखट आहेत. पण कोणाकडे पाळणा हलला की पहिला लाडू माझ्या हातावर ठेवतात.

एवढं मात्र ऐका. खरंच दुखत असेल, ताप असेल, वास येत असेल, पाळी सोडून रक्त जात असेल, तर चुलीच्या धुरात लपवू नका. पहिल्याच दिवशी सांगा. कोणी अंगात काही बसवलं तर ते कधी काढायचं ते विचारा, आणि तेव्हा येता येणार नसेल तर तोंडावर सांगा. आणि तपासणाऱ्याला आधी एवढंच विचारा, की चांगल्या बायका तुम्ही किती तपासल्या आहेत.

बुधीला लोकांनी सोडलं नाही. उलट आता बायका तिच्याकडे आधी येतात, कारण ती माहीत नाही ते माहीत नाही म्हणते. गेल्या आठवड्यात मी तिच्या झोपडीत बसले होते, तेव्हा खोडाळ्याहून एक नवी सून रडत आली. कोणीतरी तिला सांगितलं होतं, तुझी पिशवी उलटी आहे. दोन दिवस ती जेवली नव्हती. मागे तिची सासू उभी, अगदी आमच्या आत्याबाईंसारखी.

बुधीने तिला हातही लावला नाही. जवळ बसवलं, तिचे डोळे पदराने पुसले. मग विचारलं, “सांग बाय, दुखतां कोठं?”

मुलीने बराच विचार केला. “कोठंच नाय.”

“मंग जा घरी,” बुधी म्हणाली. “आन जेव.”